डावा स्पीकर

भंगारवाल्याच्या काट्यावर तो रेकॉर्ड प्लेअर बघितला आणि मला राहवलं नाही. कोरेगावच्या बाजारातून मेथीच्या पेंड्या घेऊन येत होते. वर मळभ दाटलेलं, पण एक थेंब पडेल तर शप्पथ. काट्याशेजारी तात्याबा उभे. तोफखान्यातून निवृत्त झालेले, आमच्या मागच्या आळीचे. त्यांची बायको गेलेली, माझे मालकही गेलेले... तरी रस्त्यात थांबून परक्या गड्याशी बोलायची आमच्या घराची रीत नाही. मी थांबले.

"आवं, गाणारी चीज किलोवर घालताय व्हय? लाज न्हाई वाटत?"

"लेकीकडं खंडाळ्याला निघालोय, बनुबाई. कायमचा. ती एकटी पडलीया, पदरात तान्हं लेकरू. तिच्या खोलीत माझं अंथरूण मावलं तरी लय झालं." मग हळूच हसले. "तुमाला एवढा कळवळा, तर तुमीच न्या की."

"नेते! भीती हाय का कुणाची?"

तोंडातून गेलं. आता माघार कशी घ्यायची?

लेकाच्या घरातली माझी खोली म्हणजे काय — खाट, ज्वारीची पत्र्याची कोठी, समोरच्या भिंतीवर मालकांचा फोटो. संपली खोली. संध्याकाळी तात्याबा प्लेअर आणि दोन लाकडी स्पीकर घेऊन आले. मी सगळं कोठीवर चढवायला लावलं. सुई टेकली, सनई सुरू झाली आणि कोठी अशी घुमायला लागली, जशी काय आत म्हैस कोंडलीय. मी उठून चार पावलं टाकली, तर सुईनं टुणकन उडी मारली.

"जरा हळू चालत जावा," ते म्हणाले. "ही तोफ न्हाई, तबकडी हाय."

"तोफा तुमी ओढल्या. माझ्या खोलीत मी कशीबी चालंन."

पण हसू आलं, मेलं.

मग मी जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, ज्वारीनं भरली, ती प्लेअरखाली गेली. स्पीकर स्टुलांवर आले, फोटोच्या दोन बाजूंना, भिंतीपासून वीतभर पुढं. माझी खुर्ची मधोमध.

"दोन्ही स्पीकर तुमच्याकडं बघत्यात असं वळवायचं," ते म्हणाले. "मग सनई फोटोखाली बसून कुणी वाजवतंय असं वाटंल."

माझ्या खुर्चीत बसून, डोळे मिटून ते ऐकायचे. उठून डावा स्पीकर पुढं ओढायचे, त्याचा आवाज वाढवायचे. पुन्हा ऐकायचे. "हां... आता बरोबर."

बरोबर कसलं! मी बसले तर सगळी सनई माझ्या डाव्या कानात शिरली. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझी सून संयोगिता त्यांच्या डाव्या बाजूनं चहा घेऊन आली. दोनदा "काका" म्हणाली. यांना पत्ताच नाही. तेव्हा ध्यानात आलं — तोफांनी तो कान नेलाय आणि गडी कुणाला सांगत नाही.

मीही गप्प बसले. रोज मात्र निरोप धाडायचे, आवाज नीट न्हाई, येऊन बघा. रोज ते यायचे, स्टूल बोटभर सरकवायचे आणि माझ्या उजव्या हाताला खुर्ची टाकून बसायचे.

"आज कसं हाय?"

"बिघडलंय."

"मग उद्या परत यावं लागंल."

"या की. खोली कुठं पळून चाललीया?"

आळीत कुजबुज सुरू झाली. माझ्या तोंडावर बोलायची मात्र कुणाची छाती नव्हती.

ते खंडाळ्याला जायच्या आदल्या संध्याकाळीही मळभ तसंच होतं. सनई चालू होती. ते शेजारी, बहिरा कान माझ्याकडं. मी समोर बघत ओठातल्या ओठात म्हटलं, "जाऊ नका..."

ते हलले नाहीत. बरं झालं, मला वाटलं. बोलूनही झालं आणि मानही राहिला.

तबकडी संपली. सुई नुसती खरखरत राहिली. तात्याबा उठले. त्यांनी खुर्ची उचलली, माझ्या डाव्या हाताला आणून ठेवली आणि बसले. आता चांगला कान माझ्याकडं.

"फोटोच्या काचंत तुमचं ओठ हललेलं दिसलं," ते म्हणाले. "आता म्हना."

समोर मालक बघत होते. आत संयोगिताचं भाकरी थापणं थांबलं. पण बनुबाई कुणाला भिऊन शब्द गिळून बसली, असं कुणी म्हणायला नको.

"जाऊ नका म्हटलं!"

मग खुर्चीवरच्या माझ्या हातावर त्यांचा हात आला — खरखरीत, गरम.

"लेकीला शब्द दिलाय. जायला तर लागंल." त्यांचा आवाज फुटला. "पन ऐकलं. चांगल्या कानानं ऐकलं."

सुई उचलायला कुणीच उठलं नाही.

सकाळी ते गेले. मी दारात गेले नाही.

परवा संयोगिता म्हणाली, "आत्याबाई, डावा स्पीकर जरा मागं घेऊ का? आवाज एकाच बाजूनं येतोय."

"हात तर लावून बघ," मी म्हटलं. "ज्याच्या कानानं लावलाय, त्याच्या कानानंच ऐकायचा."

तिनं डाव्या हाताच्या खुर्चीवरची धूळ पुसली आणि आत गेली.