कण्हणारी गाडी

लालबागच्या नाक्यावर गुणवंतीने गाडी वळवली, आणि गाडी अशी काही कण्हली की चहाच्या बाकावरची माणसं माना वळवून बघू लागली. त्यातला एक तर सरळ उठून आला आणि बॉनेटला कान लावून उभा राहिला.

"ओ, सरका! डॉक्टर आहात का?" ती खेकसली.

"स्टिअरिंगचं ऑईल उतरलंय, ताई. पंप हवा खातोय, म्हणून ओरडतोय. कुठंतरी गळतंय."

ताई! गुणवंतीला उगाचच राग आला.

त्याचं नाव राजाराम. बंद गिरणीच्या भिंतीला टेकून त्याचं गॅरेज होतं. त्याचे वडील त्याच गिरणीत होते. संपानंतर ते कामावर परत गेले नाहीत, आणि घरातही फारसे बोलले नाहीत. आता तेही नव्हते. गुणवंतीचं तरी काय वेगळं होतं? वरळी कोळीवाड्यात घर, भाऊ दुबईला, आणि बापाने हौसेने घेतलेली ही जुनी गाडी. बापामागे ती त्याच गाडीतून परळ-लालबागच्या खानावळींना मासळी पोचवायची. दिवसभर बोलून घसा बसायचा, पण घरी 'जेवलीस का' विचारणारं कुणी नव्हतं. एकटेपणाची सवय होते म्हणतात. तिला काही झाली नव्हती.

"खाली लाल थेंब पडतात?" राजारामने विचारलं.

"पडतात की. सुरमईचं रक्त ते. रोज पाणी मारते."

त्याने वाकून एक थेंब बोटावर घेतला आणि तिच्यापुढे धरला. तिने तो आपल्या बोटावर घेऊन चोळला. रक्त चिकटतं, हे निसरडं होतं. जन्म मासळीत गेलेली बाई, आणि इतके दिवस ऑईल धूत होती! ती खळखळून हसली... किती दिवसांनी, कोण जाणे.

"उद्या मासळी उतरवून, गाडी कोरडी करून आणा," तो म्हणाला. "स्टिअरिंग वळवल्याशिवाय कुठून गळतंय ते दिसणार नाही. मी खाली, तुम्ही आत. एकट्याचं काम नाही हे."

दुसऱ्या दिवशी गाडी लख्ख पुसलेली होती. गुणवंतीच्या केसांत अबोलीची वेणीही होती. गाडी दाखवायला वेणी कशाला, हे तिला कुणी विचारू नये.

"डावीकडे... अजून... पुरं. धरा तस्संच."

"हात दुखतो हो!"

"सापडलं! पाइपच्या सांध्यातून येतंय."

नवा पाइप यायला आठवडा लागला. तोवर ती रोज ऑईल भरून घ्यायला थांबायची. तो भरायचा, ती डब्यातले तळलेले बोंबील पुढे करायची – "खा, उरलेत." उरलेले नसायचेच ते. गिरणीची जागा विकली गेलीय, गॅरेज पनवेलला हलवतोय, हे त्याने असंच खाता खाता सांगितलं. तिने डबा बंद केला. गाडी बरी झाली, की इथे यायचं निमित्तही जाणार होतं.

पाइप बसला. राजारामने नवं ऑईल घातलं, हवा निघेपर्यंत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. गाडी गप्प झाली.

वरळीपर्यंत गुणवंतीला ती शांतता सोसवेना. त्या कण्हण्याशी ती रोज भांडायची, 'काय गं, काय झालं?' म्हणायची. आता गाडीतही कुणी नव्हतं. तिने गाडी मागे फिरवली.

राजाराम शटर ओढत होता. "काय झालं? वाजते अजून?"

"नाय. मला... घरी जावंसं वाटत नाय, राजाराम. तिथं कोण नाय. तुम्ही गेलात की इथं पण कोण नाय."

त्याने फडक्याला हात पुसले. "आम्ही बौद्ध. कोळीवाड्यात चालेल?"

"कोळीवाड्याचं मी बघते. तुमचं बोला."

"पनवेलला जागा बघितली ना... तेव्हा शेजारचा गाळाही मालकाला विचारून ठेवलाय. मासळीला चालेल का, म्हणून."

गुणवंतीचे डोळे भरून आले. "मला न विचारता?"

"धीर होत नव्हता," राजाराम म्हणाला. "आता विचारतोय."