धुक्यातली हजेरी

त्या सकाळी मी नोएडाला निघालो तो सिद्धांतचं कार्ड पोचवायला. काम एवढंच. पोरगा घाईघाईत मोटरसायकलवर निघून गेला आणि ऑफिसात शिरायचं कार्ड दारामागच्या खिळ्यालाच लटकत राहिलं. लुंबिनीची, म्हणजे आमच्या सूनबाईची, शाळा धुक्यापायी घरूनच चालली होती. कानाला यंत्र लावून ती पोरांना शिकवत होती. तिनं एका हातानं मला कार्ड दाखवलं आणि दुसऱ्यानं शाल पुढं केली. मी निघालो. बसून तरी काय करणार होतो? दिल्लीत मयूर विहारच्या तिसऱ्या मजल्यावर म्हाताऱ्या माणसाला खिडकी तेवढी सोबत, आणि त्या दिवशी खिडकीत काहीच नव्हतं. नुसतं पांढरं.

इकडचं धुकं आपल्याकडच्यासारखं नाही हो. आमच्या वर्ध्याकडं धुकं यायचं ते ओल्या गवताचा वास घेऊन, आणि उन्हं आली की जायचं. हे जात नाही. याला जळक्या कचऱ्याचा वास असतो, जिभेवर लोखंडाची चव येते. आवाजही यात नीट चालत नाहीत. लांबचा माणूस जवळ खोकतो आणि जवळचा हॉर्न कुठून तरी विहिरीतून आल्यासारखा वाटतो.

मी रेल्वेत गँगमन होतो, रुळांची देखभाल करायचो. बायको, गंगुबाई, गेली, नोकरीही संपली, तेव्हा पोरानं इकडं आणलं. त्याचं काम काय ते मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. एकदा जेवताना विचारलं, तर म्हणाला, "बाबा, मी कॉम्प्युटरला हुकूम लिहून ठेवतो. स्क्रिप्ट म्हणतात त्याला. वेळ लावून ठेवली की रोज त्या वेळेला तो हुकूम आपोआप चालतो. तुमच्या रेल्वेच्या टाइमटेबलासारखं."

"टाइमटेबल असलं तरी गाडीला ड्रायव्हर लागतो की रे."

"इथं नाही लागत. फक्त कोणाच्या नावावर चालवायचं ते सांगावं लागतं."

"मग तुझ्याकडच्या गाड्या कोणाच्या नावावर?"

पोराचा घास थांबला. लुंबिनी म्हणाली, "सांगा ना बाबांना. घाबरणार नाहीत ते, तुमच्यासारखे."

तेव्हा सांगितलं त्यानं. त्याच्या जागेवर आधी अंशुमन नावाचा मुलगा होता. गाझियाबादहून यायचा, मराठी घरातलाच. मागच्या हिवाळ्यात धुक्यात गाडी घसरली आणि गेला. पण ऑफिसनं त्याचं नाव कॉम्प्युटरातून काढलं नाही. का, तर निम्म्या स्क्रिप्टा त्याच्या नावावर चालत होत्या. नाव काढलं असतं तर सगळंच बंद पडलं असतं, आणि कुठली स्क्रिप्ट काय करते ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणून राहू दिलं. माणूस जळून गेला आणि त्याचं नाव रोज सकाळी कामावर येत राहिलं.

"आता मी एकेक करून माझ्या नावावर घेतल्या," सिद्धांत म्हणाला. "त्याचं खातंही बंद केलं. पण बंद केलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या आईचा फोन आला."

प्रभाताई नाव त्यांचं. अंशुमननं एक छोटीशी स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. कामावर पोचल्याचं घरी कळवायला तो विसरायचा आणि आई काळजी करायची, म्हणून ऑफिसची वेळ झाली की तिला मेसेज जायचा. 'आई, पोचलो.' मुलगा गेल्यावरही तो येतच राहिला. बाईंना सगळं ठाऊक होतं. अग्नी दिलेला त्यांनी पाहिला होता. तरी फोनवर त्या म्हणाल्या, "तो मेसेज आला की मी चहा टाकते रे. आज आला नाही. बघ ना काय झालंय ते."

आमच्या पोराचं मन लोण्याचं. त्यानं ती स्क्रिप्ट उघडली, वरवर बघितली आणि स्वतःच्या नावावर पुन्हा चालू करून दिली.

मला ते काही रुचलं नाही. मी म्हटलं, "सिद्धांत, आपण पिंड ठेवत नाही. कावळ्याला हाक मारत नाही. माझ्या बापानं मला खांद्यावर घेऊन दीक्षा घेतली ती हे सगळं सोडायलाच ना? मग हे काय आहे? रोज ठरल्या वेळी मेलेल्याच्या नावानं काहीतरी ठेवायचं?"

"बाबा, यार, हा मेसेज आहे!" तो हसला. "भूत नसतं हे तुम्हीच शिकवलंत आणि आता तुम्हीच..."

"भूत नसतंच. मी भुताचं बोलत नाही. सवयीचं बोलतोय."

तो विषय तिथंच राहिला.

तर मी कार्ड घेऊन मेट्रोनं नोएडाला उतरलो. रिक्षावाला पाच हातांवरचं बघत हळूहळू चालवत होता. ऑफिसच्या दाराशी गार्डला मी सांगितलं, सिद्धांतला बोलवा, त्याचं कार्ड राहिलंय. गार्डनं कॉम्प्युटरात पाहिलं.

"अंकल, वो तो अंदर हैं. हाज़िरी लगी हुई है."

"कार्ड के बिना?"

"लगी है तो आए ही होंगे." आणि तो दुसऱ्याकडं वळला.

मी बाकावर बसलो. मग उठलो. पुन्हा बसलो. कार्ड हातात, त्यावर पोराचा फोटो. हे इथं आहे आणि तो आत आहे, हे काही मनात बसेना. फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला. लुंबिनीला विचारलं तर म्हणाली, "मीटिंगमध्ये असतील बाबा. नका काळजी करू." पण तिचाही आवाज खाली गेला होता.

शेवटी गार्डनं वरून राजीवला बोलावलं. सिद्धांतच्या शेजारी बसणारा, बिहारकडचा मुलगा. तो म्हणाला, "अरे अंकल, सिद्धांत तो आज दिखा नहीं. पर सिस्टम में तो हाज़िर है..." आणि बोलता बोलता थांबला. माझ्या हातातल्या कार्डाकडं बघितलं आणि मला वर घेऊन गेला.

वर सगळं बंदिस्त, थंडगार. हजार पंखे एकदम कुजबुजावेत तसा आवाज. पोराची खुर्ची रिकामी होती. राजीवनं आपल्या जागेवरून ती स्क्रिप्ट उघडली आणि वाचू लागला. वाचता वाचता त्याचा रंग उतरला. हळूच म्हणाला, "अंकल, इसमें दो काम हैं."

एक, आईला मेसेज. दुसरा त्याखाली. ज्याच्या नावावर स्क्रिप्ट चालेल, त्याची त्या वेळेला हजेरी लावायची. अंशुमन रोज उशिरा यायचा, म्हणून त्यानं ही युक्ती करून ठेवली होती. आमच्या पोरानं वरची ओळ बघितली आणि खाली गेलाच नाही.

मी राजीवला विचारलं, तो मुलगा गेला त्या दिवशी काय झालं होतं?

राजीवनं खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाला, त्या दिवशीही हजेरी लागली होती. आईला मेसेज गेला होता. ऑफिसला वाटलं, आत आहे कुठंतरी. आईला वाटलं, पोचला. कोणी शोधलंच नाही. दुपार कलल्यावर धुकं उठलं, तेव्हा एका गुराख्याला दिसला. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणला असता तर...

उठून मी खिडकीशी गेलो. खिडकीला पांढरं चिकटलेलं.

तेवढ्यात सिद्धांतच्या टेबलावरचा फोन वाजला. आधी ती जागा अंशुमनची होती, फोनही त्याचाच. राजीवनं उचलला, ऐकलं आणि माझ्याकडं दिला. "मराठी में हैं..."

"सिद्धांत?" बाईचा आवाज होता. "अरे, आज हे काय येतंय? आधी नेहमीसारखा आला, आई पोचलो. आणि मागनं दुसरा..."

"मी सिद्धांतचा बाप बोलतोय, ताई. दुसरा काय आला?"

"आई, नाही पोचलो." त्या थांबल्या. "परत परत तेच येतंय हो..."

फोनमधून मला ऐकू येत होतं. टिंग. थोडं थांबून, टिंग. त्यांच्या हातात ते येतच होतं. मी राजीवला सांगितलं. तो म्हणाला, असं वाक्य यात कुठं नाहीच अंकल. त्यानं स्क्रिप्ट बंद केली, मला दाखवून पुसून टाकली. फोनमधून पुन्हा आलं... टिंग.

मी मानत नाही, बरं का. तेव्हाही मानलं नाही. पण गँगमननं एक शिकलेलं असतं. पुढून कोणी लाल कापड दाखवलं तर तो कोण, कशाला, हे आधी विचारायचं नाही.

"ताई," मी म्हटलं, "तुमचा मुलगा कुठं सापडला होता?"

त्या रडल्या नाहीत. मोजून मापून जागा सांगितली. कालव्याच्या कडेचा रस्ता, तुटका कठडा, खाली उतार.

राजीव म्हणाला, ती तर गाझियाबादहून येणारी वाट आहे, मयूर विहारहून येणारा तिकडं कशाला जाईल? पण हे म्हणता म्हणताच त्यानं गाडीची किल्ली उचलली होती.

त्या वाटेवर आम्ही काच खाली करून चाललो. राजीव हॉर्न देत होता, मी हाका मारत होतो. माझी हाक थोडी पुढं जायची आणि तिथंच विरून जायची. कठडा तुटलेला दिसला तेव्हा मी चालत्या गाडीतूनच पाय खाली टाकला.

पोरगं उतारावर पडलं होतं. पाय विचित्र वळलेला, हेल्मेटला चीर, कपडे दहिवरानं भिजलेले. पण डोळे उघडे होते. श्वास होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "सिद्धांत, बेटा, मी आलोय रे." तो माझ्याकडं बघत राहिला. मेट्रोत समोर बसलेल्या अनोळखी माणसाकडं बघावं, तसा.

डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर थंडीनंच गेला असता. पाय जुळेल. डोक्याला धक्का आहे, विसरल्यासारखं होईल, घाई करू नका. त्या वाटेवर कसा गेलास, हे विचारलं तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं, "पुढं एका गाडीचा लाल दिवा होता. दुसरं काहीच दिसत नव्हतं. मी त्याच्या मागं मागं गेलो."

हे मी लुंबिनीला सांगितलं नाही. दिवा दाखवून नेणारा आणि हाक मारून सांगणारा एकच होता की दोन, याचा विचार मी करायला बसतो आणि उठतो. बसतो आणि उठतो. सारं घर माझ्या फेऱ्यांना कंटाळलंय.

पोरगा घरी आला. स्क्रिप्ट तर पुसलेलीच होती आणि मेसेजही थांबले. तो बोलतो कमी. लुंबिनी बोलली की ऐकून घेतो, हसतो. परक्या घरी पाहुण्यानं हसावं तसं. ती म्हणते, "डॉक्टर म्हणालेत ना बाबा, वेळ लागेल." मी म्हणतो, लागेल.

काल प्रभाताई बघायला आल्या. बारीकशा बाई, पांढरी शाल. त्याच्या खाटेशी बसल्या, संत्रं सोलून दिलं. त्यानं खाल्लं, आणि काही विचार न करता त्यांच्या पदराचं टोक ओढून तोंड पुसलं. आमच्या सिद्धांतनं कधी गंगुबाईच्या पदराला तोंड पुसलं नाही. तिला चालायचंच नाही ते.

प्रभाताईंचा हात तसाच राहिला. संत्र्याची फोड धरलेला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. चोरी करताना सापडलेल्या माणसासारखं. मीही त्यांच्याकडं बघितलं. लुंबिनी आत चहा टाकत होती.

थोड्या वेळानं त्या उठल्या. "उद्या येऊ का?" असं त्यांनी मला विचारलं. त्याला नाही.

"या," मी म्हटलं.

त्या जिना उतरू लागल्या, आणि आतून पोराची हाक आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळी, आर्जवाची, लाडाची हाक. मी धावत दाराशी गेलो.

तो उशीवर कोपर टेकून उठला होता. आवाज सिद्धांतचाच. तोंडही त्याचंच, गंगुबाईच्या वळणाचं.

"काका," मला म्हणाला, "आईला मेट्रोपर्यंत सोडून या ना. धुक्यात दिसत नाही तिला."

मी शाल घेतली आणि त्यांच्या मागं निघालो.