खड्डा क्रमांक तीन

खड्डा क्रमांक तीनशेजारच्या भिंतीवरच्या पडद्यावर कार्बन डायऑक्साइडचा आकडा मिनिटाला वीसने वाढत होता. एकोणीस नाही, एकवीस नाही.

वसईबाहेरच्या गावरस्त्यांची देखभाल करणारे रोलर आणि डंपर या नव्या डेपोत दुरुस्तीला येणार होते. तिथली हवा खेळती ठेवण्याची यंत्रणा मी बसवली होती. गाडीखाली उभं राहून काम करता यावं म्हणून जमिनीत तीन लांबट खड्डे होते. आत माणूस श्वास घेऊ लागला की सेन्सर ते ओळखतो आणि पंखा सुरू होतो. तिसऱ्या खड्ड्याचा पंखा कुणी नसताना सुरू व्हायचा.

मी सेन्सर बदलला. जमीन जुन्या मिठागराची, खालून वायू येत असेल म्हणून सगळे सांधे भरून घेतले. मग पंखा बंद करून, खड्डा लोखंडी पत्र्यांनी झाकून त्याला कुलूप लावलं आणि दुसऱ्या दिवशी नोंद काढली. सकाळी नऊपासून मिनिटाला वीस. तेवढ्या बंद जागेत एक माणूस स्वस्थ बसला तर एवढीच वाढ होते. संध्याकाळी सहाला ती थांबली होती. मधे एक ते दोन रेघ सपाट.

डेपोची जेवणाची सुट्टी एक ते दोन असते.

"स्वप्ना मॅडम, पंधरा दिवस झाले," सुपरवायझर भूपेश म्हणाला. "एक तर सही द्या, काका कामाला उतरतील. नाहीतर बुजवून टाकू. मुरमाचा डंपर बाहेर उभाच आहे. काय ते एकदा बोला."

सही केली आणि खाली खरंच काही घातक असलं, तर जीव हरिश्चंद्रकाकांचा जाणार होता. तेच तिथले मेकॅनिक. आणि बुजवा म्हणायला गेलं की मला ती जेवणाची सुट्टी आठवायची.

"मॅडमच्या मशीनला भास होतात," काका हसले. "थांबा, पाच मिनटं जाऊन येतो. कोन नाय तिथं. असलंच तर पानी असंल."

मी आधी ऑक्सिजन मोजला. पुरेसा होता. मग एका टोकाचा पत्रा सरकवला. उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला वरच्या खिळ्याला अडकवायचा, आणि बिल्ला असेपर्यंत त्या खड्ड्याला कुणी हात लावायचा नाही, अशी इथली रीत. काकांनी बिल्ला अडकवला आणि ते उतरले.

आकडा मिनिटाला चाळीसने चढू लागला.

खालून काकांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. तिसऱ्या मिनिटाला ते थांबलं.

"काका?" भूपेशने हाक मारली.

मग पायऱ्यांवर पावलं वाजली. काका वर आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. चेहरा नेहमीसारखाच.

"बघा. कोन नाय," ते म्हणाले.

मी पडद्याकडे पाहिलं. वाढ अजून मिनिटाला चाळीस. एक मिनिट गेलं. पुन्हा चाळीस.

काकांच्या छातीवरची शर्टाची बटणं हलत नव्हती.

मी हातातलं छोटं मापक त्यांच्या तोंडासमोर धरलं. "काका, यावर फुंका."

त्यांनी गाल फुगवून फुंकलं. आकडा चारशे वीस. उघड्या हवेचा. माणसाच्या श्वासाने तो हजारांत जायला हवा, पण हलला नाही.

"पुन्हा."

चारशे वीस.

भूपेश दोन पावलं मागे सरकला. "काका," तो हळू म्हणाला, "बिल्ला काढा तुमचा."

काकांनी खिळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, न समजल्यासारखं.

"कसा काढू? मानूस खाली हाय ना."

दाराशी डंपर मागे येत होता. चालकाने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "टाकू का?"

मी डंपरसमोर हात आडवा केला.

"मुरूम परत न्या. खड्डा बुजवायचा नाही."