ओटा अजून ओला आहे

सकाळी साडेसात वाजता नगरपालिकेचा ओव्हरसियर दोन गडी आणि पाडकामाच्या दोन लोखंडी सब्बली घेऊन पंचशील नगरात आला. काम एकच होतं, एक ओटा पाडायचा. आठ वाजता तो ओटा न पाडताच परत गेला.

कारण ओटा ओला होता.

१९७८ चा जानेवारी. कारंज्याच्या जिनिंगकडे कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागलेली. दुष्काळाच्या वर्षांत खेड्यांतून कामाला आलेली माणसं शहरातच राहिली होती. त्यांच्यासाठी छोट्या रेल्वेच्या स्टेशनापलीकडे ही वसाहत झाली. एका मापाच्या खोल्या, वर टिनं, दाराला लागून उघडी नाली आणि नालीपलीकडे रस्ता. नकाशात ओटा नव्हता. इंझोरीहून आलेल्या वच्छला अंभोरेनं तो स्वतःच घातला, नालीवर आडवे दगड टाकून आणि वर माती चोपून. वच्छला बालवाडीत शिकवायची. वडील उकंडराव जिनिंगमध्ये हमाली करायचे. ओळीतले बाकीचे लोक नुसते बघत होते. हिचा ओटा टिकला तर आपणही घालू, असा त्यांचा हिशेब.

ओव्हरसियरचं नाव माणिक खडसे. केनवडचा. नोकरी नवी, चपला नव्या, आवाज मात्र मुद्दाम जाड केलेला.

"बाई, बाजूले व्हा. ओटा पाडाचा हाय."

वच्छलानं मान वर केली. हात मनगटापर्यंत शेणामातीत. कपाळावर आलेली बट तिनं कोपरानं मागं सारली.

"आताच सारवला. वाळू द्या."

"पाडाचाच हाय तं वाळाची काय गरज?"

"ओल्या सारवणावर पाय देता? तुमच्या घरी चालते असं?"

माणिकनं गड्यांकडं पाहिलं. त्यांतला वयस्कर गोविंदसिंग सब्बल खाली ठेवून मोकळा झाला होता.

"नाई साहेब. ओल्यावर पाय नाई देत आपुन."

"मंग कवा वाळते हा?"

"थंडीचे दिवस..." वच्छलानं आभाळाकडं पाहिलं. "ऊन कसं पडते, त्याच्यावर हाय."

माणिकला हसू आलं. गड्यांना दिसू नये म्हणून त्यानं तोंड फिरवलं. पण वच्छलाला ते दिसलं.

दोन दिवसांनी तो भर दुपारी आला. ओटा ओला.

"सकाळी वाळला नव्हता?"

"वाळला ना. पोपडे निघाले. म्हून पुन्हा सारवला."

"दुपारी सारवते कोणी?"

"दुपारी पाडाले येते कोणी?"

तिसऱ्या वेळी तो संध्याकाळी आला, आणि एकटाच आला. सब्बल नव्हती.

"आज एकटेच?"

"पाह्यले आलो."

"कोनाले?"

तो गडबडला. "...ओट्याले."

शेजारच्या दारात केशरबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. पोरांना नातवासारखं आणि साहेबाला पोरासारखं बोलायची त्यांची सवय. त्या मान वर न करता म्हणाल्या, "जवा पाहा तवा भिजलेला. ओटा बी लाजून राह्यला वाटते, बाप्पा!"

वच्छला आत पळाली. पण दाराआडून पदराचं टोक दिसत राहिलं.

त्यानंतर भेटी तशाच होऊ लागल्या. तो रस्त्यावर, ती चौकटीत, आणि मधे ओला ओटा. शेणाचा, ओल्या मातीचा वास. लांब कुठंतरी छोट्या गाडीची शिटी.

"एक विचारू?" तो एकदा म्हणाला. "या ओट्यासाठी एवढं काहून भांडून राह्यल्या तुमी?"

तिनं हात पदराला पुसले. मग म्हणाली, "इंझोरीले दारापुढं ओटा होता आमच्या. येणारा टेकते, पानी पिते, दोन गोष्टी बोलते, जाते. इथं माणूस आला तं एक तं घरात घ्या, नाई तं रस्त्यावर उभा ठेवा. परका माणूस घरात कसा घ्याचा? अन् रस्त्यावर किती उभा ठेवाचा?"

"मले तं तुमी रस्त्यावरच ठेवलं."

"तुमी सब्बल घेऊन आलते."

माणिकनं नालीकडं पाहिलं. खोल्या, नाली, रस्ता, सगळ्यांची मापं त्यानं शिकली होती. घर आणि रस्ता यांच्या मधल्या जागेबद्दल त्याला कोणी काही शिकवलं नव्हतं.

बुधवारी मुख्याधिकाऱ्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. ओटा शनिवारपर्यंत गेला पाहिजे, नाहीतर बदली. माणिकनं हे वच्छलाला सांगितलं नाही. त्या संध्याकाळी त्यानं तिला दुसरंच काही दाखवलं.

"या इकडं. केशरमावशीच्या दारात पाहा."

उंबरठ्याशी काळं पाणी साचलं होतं. आत भिंतीला ओल चढली होती, चुलीपर्यंत.

"तुमच्या ओट्याखाली नाली बुजली," तो हळू आवाजात म्हणाला. "दगड पक्के बसले, झाडू आत जात नाई. पानी मागं फिरते."

वच्छलानं वाकून त्या ओलीला हात लावला. "मावशी... तुमी बोलल्या काहून नाई?"

केशरबाईंनी पदरानं सूप पुसलं. "सांजच्याले वाळला की मी बी त्याच ओट्यावर येऊन बसतो ना, माय. काय बोलू?"

शनिवारी सकाळी माणिक दोघा गड्यांना घेऊन आला. सगळी ओळ दारांत उभी होती. उकंडराव कामावर न जाता चौकटीला टेकून थांबले होते.

ओटा कोरडा होता. बादली नव्हती, पोतेरं नव्हतं. वच्छला उंबरठ्यावर बसली होती. हात स्वच्छ धुतलेले, बांगड्या मागं सारलेल्या.

"पाडा," ती म्हणाली.

गोविंदसिंगनं सब्बल उचलली. माणिकनं त्याला हातानं थांबवलं, चपला रस्त्यावर काढल्या... आणि तो ओट्यावर बसला. अख्ख्या वसाहतीसमोर, उकंडरावांसमोर.

"पाडाच्या आधी एक डाव बसू द्या. इतके दिवस कोरडा भेटलाच नाई."

कुणीतरी फिसकन हसलं. उकंडराव खाकरले आणि आत वळून म्हणाले, "वच्छे, पानी आन."

तिनं तांब्या आणला. पाणी पिऊन त्यानं कोळशाचा तुकडा उचलला आणि ओट्यावरच रेघा मारू लागला. "ही नाली. दगडमातीच्या जागी वरतून शहाबादी फरश्या ठेवू, नुसत्या ठेवलेल्या. नाली साफ कराची तं उचलाच्या, झालं की पुन्हा ठेवाच्या. बसाले ओटा, वाहाले नाली." मग त्यानं खाली दुसरी रेघ ओढली. "अन् ही पुढची ओळ. तिचा पाया अजून खणला नाई. तिथली घरं जराशी मागं घेतली, की दारापुढं पक्का ओटा. नकाशातच."

"साहेबलोक मानतीन?" वच्छलानं विचारलं.

"मुख्याधिकारी म्हणाले, जिल्ह्याहून, अकोल्याहून मंजुरी आली तं हो. काल पाठवला नकाशा."

"अन् नाई आली तं?"

त्यानं कोळसा खाली ठेवला. "तं फरश्या बी जातीन. अन् माझी बदली."

"कुठी?"

"माहीत नाई."

वच्छला ओट्यावरच्या रेघांकडं बघत होती. आवाज इतका हळू, की फक्त त्यालाच ऐकू यावा. "मंग... मी ओटा कोनासाठी घालू?"

बोलून गेली आणि तिनं ओठ दाताखाली धरला. माणिकनं तिच्याकडं पाहिलं, पहिल्यांदाच न लपवता, पुरतं हसून.

पहिली सब्बल तिनंच मारली. दुपारपर्यंत माती बाजूला झाली, नाली वाहती झाली, केशरबाईंच्या दारातलं पाणी उतरलं. पालिकेच्या कामातून उरलेल्या फरश्या गोविंदसिंगनं बंडीतून आणल्या आणि नालीवर मांडल्या.

"आता याले सारवता येत नाई," वच्छला म्हणाली. "तुमाले अडवाचं कशानं?"

"अडवाचं काहून?"

पुढच्या आठवड्यात ओळीतल्या आणखी तीन घरांनी फरश्या मागितल्या. मुख्याधिकारी एकदा येऊन गेले. त्यांनी एक फरशी काठीनं ठोकून पाहिली आणि मंजुरीपर्यंत काही हलवू नका म्हणाले. माणिकनं केनवडला निरोप धाडला. उकंडरावांनी धोतर धुवून वाळत घातलं.

रविवारी माणिकची आई रुपाबाई सकाळच्या एसटीनं निघाली.

"सासू आली तं आत बसवता का बाहीर?" केशरबाईंनी भिंतीपलीकडून टोमणा मारला.

"ओट्यावर," वच्छला म्हणाली.

दुपारी बारापर्यंत एसटी कारंज्यात पोचली नव्हती. अकोल्याचं पत्रही आलेलं नव्हतं. फरश्या वच्छलानं नुकत्याच धुतल्या होत्या, आणि माणिक खडसे चपला हातात घेऊन रस्त्यावर उभा होता... फरश्या वाळायची वाट बघत.