तळाशी गेलेला कप

"अहो, वाकू नका! पडाल!"

मागून एवढ्या जोरात हाक आली, की मी दचकले. पाण्याचा नमुना घ्यायला हातात धरलेला पांढरा कप टाकीत पडला आणि गढूळ पाण्यात दिसेनासा झाला.

"मी नाही पडले. कप पडला... तुमच्यामुळे."

रोपवाटिकेचा मालक ओशाळला. प्रयोगशाळेतून पाणी बघायला कुणी चष्मेवाले काका येतील, अशी त्याची समजूत होती; आले होते मी. पण धड हसायलाही त्याला सवड नव्हती. तळ्यातून टाकीत आलेल्या गाळाने ठिबकच्या नळ्या तुंबल्या होत्या, रोपांनी माना टाकल्या होत्या. नळ्या धुऊन झाल्या होत्या. आता संध्याकाळपर्यंत स्वच्छ पाणी मिळालं नाही, तर सगळी कलमं जाणार होती.

मी शेवग्याच्या बियांची भुकटी पाण्यात कालवली, फडक्यातून गाळली, टाकीत ओतली. आधी जोरात ढवळायचं, मग अगदी हळू. म्हणजे मातीचे कण एकमेकांना धरतात, जड होतात आणि खाली बसतात. हे त्याला नीट समजावून मी रोपं बघायला गेले. परतले, तर हा घामाघूम होऊन ढवळायची फळी गरागरा फिरवतोय! पाणी चहासारखंच.

"हळू म्हणाले होते ना?"

"हळूच तर करतोय!"

"हे हळू? जुळून आलेलं सगळं तोडलंत!"

"बाई गं, याचं हळू म्हणजे लोकांचं पळणं," पंपाशी उभी असलेली त्याची ताई म्हणाली. पण तिचा चेहराही उतरला होता.

माझ्या डब्यात एकाच खेपेची भुकटी उरली होती.

ती ओतली. जोरात ढवळून झालं, तशी मीही फळी धरली — त्याच्या हाताशेजारी.

"श्वास सोडा आता."

"तुम्ही इतक्या जवळ... सोडू कसा?"

"पाण्याकडे बघा."

"बघतोय —" तो म्हणाला. पाण्याकडे तो बघत नव्हता.

फळी संथ फिरत राहिली. हळूहळू पाण्यात कापसासारखे बारीक पुंजके तरंगू लागले. आम्ही फळी अलगद वर काढली. मग नुसतं थांबणं...

"चालू करू का रे पंप?"

"नको!" दोघंही एकदम ओरडलो. ताई तोंडाला पदर लावून हसली.

उन्हं कलली तेव्हा तळाशी काहीतरी पांढरं चमकलं. कप! कानासकट स्पष्ट.

पंप सुरू झाला. आम्ही श्वास रोखून वाफ्याशी बसलो. पहिल्या रोपापाशी थेंब आला... मग दुसऱ्या, मग साऱ्या ओळीत. त्याने डोळे मिटून घेतले.

मी बाही सरसावून टाकीत हात घालणार, तोच तो म्हणाला, "नका. गाळ वर येईल."

"बरं. टाकी रिकामी झाली की काढते."

"मी ती रिकामी होऊच दिली नाही तर? कपासाठी का होईना... रोज याल?"

माझे कान तापले. "किती ती घाई!"

"नाही हो," त्याचा आवाज पाण्याइतकाच निवळला होता, "हळूच तर विचारतोय."

या वेळी ते खरंच हळू होतं. मी बाही खाली केली.