मोरीतली पट्टी

पेणकरपाड्यातल्या इमारतीच्या जिन्यात समिधा भिंतीला पाठ लावून उभी होती. वरच्या पायरीपाशी पाल होती आणि तिची नजर म्हणे सरळ हिच्यावरच!

"घाबरू नका... ती तुम्हाला जास्त घाबरलीय," खालच्या पायऱ्यांवरून आवाज आला.

"तिने सांगितलं वाटतं तुम्हाला?"

समोरच्या खोलीत नवा राहायला आलेला उदय हसला. त्याने पाल अलगद ओंजळीत घेतली आणि समिधा दोन पायऱ्या खाली सरकली. एवढा देखणा मुलगा, आणि धरतो काय, तर पाल! देवा रे.

मग हळूहळू कळलं. पालीच्या पायाला डिंक नसतो, डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात, त्यांच्या जोरावर ती भिंत धरते. तसलेच केस असलेली पट्टी उदय कॉलेजच्या लॅबमध्ये बनवत होता. कोरडी असली की झकास चिकटायची, पाणी लागलं की सुटायची. म्हणून त्याने तिच्यावर नवा लेप दिला होता. उत्तनच्या किनाऱ्यावर खडकांवर लाटा खात बसणारे काळे शिंपले ज्याने चिकटतात, तसला.

"ही पाण्यात टिकली नाही ना, तर स्कॉलरशिप बंद," एका संध्याकाळी समिधाच्या दारात चहा पिताना तो म्हणाला. "मग मी आपला रत्नागिरीला. बाबांच्या दुकानात."

तो हसला. समिधाला हसू येईना. बाई गं, हा गेला तर?

त्याच्या खोलीच्या भिंतींना पोपडे आलेले. म्हणून समिधाच्या आईने आपल्या मोरीतल्या पांढऱ्या लाद्या वापरू दिल्या. रविवारी दुपारी त्याने तळहाताएवढी पट्टी लादीवर दाबली आणि तिच्या हुकाला पाण्याने भरलेला तांब्या अडकवला.

"मित्राचा कॅमेरा घेऊन येतो, मग पाणी मारू. तोवर हात लावू नका हं."

"पट्टीला... की तुम्हाला?"

उदयचे कान लाल झाले. तो जिना उतरला.

समिधा पहारा देत राहिली. आणि खिडकीतून आली की ती पाल! सरसर, थेट पट्टीकडे. पळावं? पण पट्टी बिघडली तर हा जाईल ना... तिने डोळे मिटून मगभर पाणी भिरकावलं.

डोळे उघडले तर पट्टीच ओलीचिंब! मेले मी. आता तांब्या पडणार...

थप्प! काहीतरी गार, मऊ डाव्या खांद्यावर आदळलं. ओल्या लादीवरून पालच घसरली होती. समिधा अशी किंचाळली की उदय दोन-दोन पायऱ्या चढत आला.

"पाल पडली अंगावर... आणि माझ्याकडून पाणी..." तिला रडूच फुटलं.

तो पांढराफटक पडला. भिंतीकडे बघायचं धाडस होईना त्याचं. मग दोघांनी मिळून पाहिलं. पट्टीवरून पाणी ठिबकत होतं आणि तांब्या जागच्या जागी लटकत होता. त्याने आणखी एक मग ओतला. आणखी एक. तांब्या हलेना!

"समिधा... मला पट्टीची एवढी भीती नव्हती," तो हळूच म्हणाला. "तू 'जाऊ नकोस' म्हणशील की नाही, याची होती."

खांद्यावरून पाल कधीच पळाली होती. समिधाने खांदा झटकलासुद्धा नव्हता.

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

"कुठल्या खांद्यावर पडली गं?" आईने बाहेरून विचारलं.

"डाव्या!"

"मग बरं. बायकांना डावी बाजू चांगली. पण आधी आंघोळ कर. आणि उदय, तो तुझा तांब्या काढ तिथून!"

उदयने तांब्याकडे हात पुढे केला. समिधाने तो धरून ठेवला.

"राहू दे ना," ती म्हणाली.