लहरासुराचं थेट प्रक्षेपण

जालन्याच्या लहरजीव प्रयोगशाळेत जन्मलेला तो जीव आठवड्यापूर्वी काचेच्या बशीत मावत होता. आता त्याने तळमजल्याचा अख्खा बोळ भरून टाकला होता. बोळाच्या टोकाला, शीतकक्षाच्या पोलादी दारामागे, डॉ. विश्राम आढाव अडकले होते. आतली हवा जेमतेम संध्याकाळपर्यंत पुरणार होती.

त्यांच्या पत्नी डॉ. शर्मिला बाहेर जिल्हाधिकाऱ्यांना समजावत होत्या. दोघांनी मिळूनच तो जीव घडवला होता.

"झाडं उजेडावर जगतात, तसा हा लहरींवर जगतो," त्या म्हणाल्या. "मोबाइलच्या, टीव्हीच्या. हवेत वाया जाणाऱ्या लहरी खाऊन त्याने वीज द्यावी, एवढाच आमचा हेतू. आम्ही त्याला लहरभुक म्हणतो. लहर जोराची असेल तिकडे सरकतो आणि फुगतो. लहर थांबली की जागीच सुकतो."

पोलिस निरीक्षकांनी जॅमर लावायचं सुचवलं. जॅमरही लहरीच सोडतो हे कळल्यावर त्यांनी तो निमूटपणे जीपमध्ये ठेवला.

हे सारं सुरू झालं ते 'डंका' वाहिनीचे संपादक उन्मेष सबनीस यांच्यामुळे. त्यांनी प्रक्षेपक थेट बशीला टेकवून बातमी दिली होती आणि बशी फुटली होती. 'लहरासुर' हे बारसंही त्यांचंच. मग बाकीच्या वाहिन्यांच्या गाड्या तबकड्या उभारून फाटकाशी लागल्या. कोणी लहरासुराची रास काढली, कोणी त्याचा पक्ष. राक्षस तासातासाला वाढतोय, प्रशासन झोपलंय का, असं सगळे घसा फोडून विचारत होते. विचारताना त्याला भरवत होते. शर्मिलांनी एकालाही मुलाखत दिली नव्हती.

जिल्हाधिकाऱ्यांनी शहरातले टॉवर बंद केले आणि संपादकांना एकत्र बसवलं. तासभर सगळं प्रक्षेपण बंद ठेवायचं ठरलं. एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे म्हटल्यावर सबनीसांनी तर सर्वांत आधी हात वर केला.

तबकड्या खाली झाल्या. लहरभुक वाळत घातलेल्या पापडासारखा कडांनी वळू लागला. आणि मध्येच थांबला. पुन्हा फुगला.

कारण साधं होतं. प्रत्येक वाहिनीने शेजारच्या जिनिंग मिलच्या आडोशाला एक गाडी चालूच ठेवली होती. इतर सगळे थांबले, ही बातमी सर्वांत आधी द्यायची म्हणून. एका गाडीने काय फरक पडतो, असं प्रत्येकाला वाटलं होतं. असल्या माणसांचा राग तरी किती करायचा?

शीतकक्षातून तारेचा फोन वाजला.

"शर्मिला, दारावर पुन्हा भार येतोय," विश्राम म्हणाले. "बिजागऱ्या वाजतायत."

"भार हलका झाला की दार उघड आणि मागच्या बाजूने नीघ. माझी वाट बघू नकोस."

"तू कुठे असशील?"

"बाहेरच आहे," त्या म्हणाल्या. ते खोटं नव्हतं.

मग त्या सरळ सबनीसांच्या गाडीकडे गेल्या. 'डंका'ची गाडी सर्वांत मोठी, आत छोटा स्टुडिओच. मुलाखत देते, त्या म्हणाल्या, फक्त तुम्हाला. अट एकच : गाडी प्रयोगशाळेच्या पुढच्या दाराशी लावायची आणि प्रक्षेपण पूर्ण ताकदीने करायचं. सबनीसांनी का म्हणून विचारलंही नाही.

"मॅडम, या क्षणी तुम्हाला नेमकं काय वाटतंय?"

"भीती वाटतेय," शर्मिला म्हणाल्या आणि पहिल्यापासून सांगू लागल्या. विश्रामशी पहिलं भांडण कशावरून झालं, बशीतला पहिला ठिपका हलला तेव्हा दोघं कशी हसली. त्या सावकाश बोलत राहिल्या. काचेबाहेर राखाडी लोळ दारातून ओघळत गाडीकडे येत होता. छायाचित्रकाराने कॅमेरा तिपाईवर पक्का बसवून उडी टाकली आणि तो पळाला. त्याच्यामागे गाडीचं दार लोळाने बुजलं.

तेवढ्यात इमारतीच्या बाजूच्या कुंपणावरून विश्रामांचा पांढरा कोट पलीकडे उतरताना शर्मिलांना दिसला. त्यांचे डोळे भरून आले. पडद्यावर ते फार छान दिसलं.

"आता बंद करा," त्या म्हणाल्या. "ते एक बटण दाबा. तो जागीच सुकेल. आपण दोघंही वाचू."

सबनीसांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या प्रेक्षकसंख्येकडे पाहिलं. एवढी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

"एक मिनिट, मॅडम."

शर्मिलांनी बटणाकडे हात नेला. सबनीसांनी तो मनगटाशी धरला. वर छप्पर वाकत होतं.

विश्राम धावत जिनिंग मिलच्या पहारेकऱ्याच्या खोलीत शिरले. मदतीला कोणी मिळेल म्हणून. आत टीव्हीसमोर माणसं दाटीने बसली होती. पडद्यावर शर्मिला होत्या, कोणीतरी त्यांचा हात पकडला होता, आणि काच तडकत होती.

"कुठे आहे ही गाडी?" विश्रामांनी विचारलं.

कोणी वळून पाहिलं नाही. एकाने बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली.

"बसा साहेब," तो म्हणाला. "आत्ताच कुठे रंगात आलंय."